रिकामी खांच

पन्नाशी ओलांडलेल्या गृहस्थाचा घरांतील यंत्रांशीं संबंध हळूहळू केवळ विजेरी धरण्यापुरता उरतो, असा आमचा अनुभव आहे. पंखा कुरकुरूं लागो कीं मिक्सर अडून बसो, "जरा इकडे उजेड धरा," अशी हांक येते. आणि अठ्ठावीस वर्षें वर्गांत वर्ड्स्वर्थ व आर्नल्ड उलगडून सांगणारे आम्ही निमूटपणें विजेरी घेऊन उभे राहतों. दोन वर्षांपूर्वीं आषाढांतल्या एका रविवारीं अशीच हांक आली. या वेळीं हांक मारणारी आमची कन्या होती. दिवाणखान्यांत जमिनीवर तिनें आपला कॉम्प्यूटर आडवा निजविला होता, त्याची एक बाजू उघडली होती, आणि काढलेले स्क्रू एका वाटींत नीट ठेवले होते. आम्हीं उजेड धरला. आंत पाहतों तों धूळ, तारा, दोन-तीन पंखे, आणि एकाखालीं एक अशा अरुंद लांबट खांचा. एका खांचेंत एक जाडजूड पाटी बसविलेली होती. तिच्या खालची खांच मोकळीच होती.

"ही कशासाठीं?" आम्हीं विचारलें.

"ती रिकामीच आहे बाबा. पुढें कांहीं लागलें तर असावी म्हणून."

या उत्तराकडे त्या दिवशीं आमचें लक्ष गेलें नाहीं. लक्ष जाण्यास जी किंमत द्यावी लागली, तिचीच ही हकीकत आहे.

आमची कन्या काय करते, हें पाहुण्यांना एका वाक्यांत सांगणें आम्हांला अजून साधत नाहीं. ती चित्रें काढते आणि तीं हालवते. शाळकरी मुलांसाठीं धडे, संग्रहालयांसाठीं दोन-तीन मिनिटांचे चित्रपट, क्वचित् एखाद्या औषधाची जाहिरात, अशीं कामें तिच्याकडे येतात. नोकरी सोडून तिनें घरींच हा व्यवसाय मांडला, त्याला तेव्हां वर्ष होत आलें होतें. यंत्रांतील ती जाडजूड पाटी म्हणजे ग्राफिक्स कार्ड. तें जुनें झालें आहे, नव्यास तीस-बत्तीस हजार पडतील, त्यांतले अर्धे बाबांनीं उसने द्यावे, दिवाळीपर्यंत ते फेडले जातील, असा प्रस्ताव तिनें धूळ पुसतां पुसतां मांडला.

आम्हीं जें उत्तर दिलें तें येथें जसेंच्या तसें देतों. आत्मनिंदेचा लेख लिहावयाचा तर त्यांत काटकसर कशाला? आम्ही म्हणालों, "आजपर्यंत याच्यावर चाललें ना? हीं कार्डें संगणकावर खेळ खेळणाऱ्या मुलांसाठीं असतात, असें आम्हीं वाचलें आहे. धंद्यांत पडलीस; आतां खेळणीं पुरेत." ती कांहीं बोलली नाहीं. वाटींतला एक एक स्क्रू उचलून तिनें पेटी बंद केली, आणि विजेरी घेऊन आम्ही आमच्या खोलींत गेलों.

आमच्या अज्ञानाचें माप आम्हांला मागाहून कळलें. पडद्यावरचें चित्र ठिपक्यांचें असतें. साधारण पडद्यावर आडव्या ओळींत १९२० आणि उभ्या ओळींत १०८०, म्हणजे एकंदर २०,७३,६०० ठिपके. चित्र हालतें दिसावयाचें तर हे सारे ठिपके सेकंदाला साठ वेळांपर्यंत नव्यानें रंगवावे लागतात. म्हणजे एका सेकंदांत बारा कोटींहून अधिक वेळां 'येथें कोणता रंग?' या प्रश्नाचें उत्तर द्यावयाचें. कॉम्प्यूटरचा जो मुख्य मेंदू, तो एखाद्या दशग्रंथी शास्त्र्यासारखा असतो. कितीहि अवघड कोडें घाला, तो सोडवील. पण कोडीं एकामागून एक अशीं चार-आठच हातीं घेईल. ग्राफिक्स कार्ड म्हणजे हजारों पोरांची शाळा. पोराला फक्त बेरीज-गुणाकार येतो. परंतु सारीं पोरें एकदम पाट्या पुढें ओढून बसतात आणि एकदम उत्तरें दाखवितात. चित्र रंगविणें हें शास्त्र्याचें काम नव्हे, शाळेचें आहे.

हिशेब कन्येच्या कामास लावून पाहूं. दोन मिनिटांचा चित्रपट, सेकंदाला चोवीस चित्रें, म्हणजे २,८८० चित्रें. जुन्या कार्डावर छायाप्रकाशासह एक चित्र पुरें होण्यास पांच मिनिटें लागत. त्याचे झाले दोनशें चाळीस तास, अर्थात् दहा दिवस आणि दहा रात्री. नव्या कार्डावर मिनिटाला एक चित्र पडतें. काम दोन दिवसांत उरकतें. आम्ही ज्याला खेळणें म्हणालों, त्यानें तिचे आठ दिवस वांचणार होते. आणि खेळण्यांविषयींच बोलावयाचें तर, २०१२ सालीं टोरोंटो विद्यापीठांतील अलेक्स क्रिझेव्हस्की या विद्यार्थ्यानें आपल्या आईवडिलांच्या घरीं, निजावयाच्या खोलींत, एका कॉम्प्यूटरमध्यें खेळांसाठींच विकलीं जाणारीं दोन ग्राफिक्स कार्डें बसविलीं, आणि त्यांच्यावर यंत्राला चित्रें ओळखावयास शिकविलें. त्या वर्षींच्या चित्रें ओळखण्याच्या स्पर्धेंत त्याच्या यंत्रानें इतरांस फार मागें टाकलें. आज ज्या कृत्रिम बुद्धीचा जिकडे तिकडे गाजावाजा चालला आहे, तिची अलीकडची भरभराट या विजयापासून मोजतात. त्या विद्यार्थ्याचे वडील आमच्याहून शहाणे असले पाहिजेत.

मग या खांचांचा इतिहासहि आम्हीं वाचला. १९७७ सालीं ॲपल कंपनीचा 'ॲपल टू' निघाला, तेव्हां स्टीव्ह जॉब्स यांचें म्हणणें पडलें कीं, दोन खांचा पुष्कळ झाल्या. गिऱ्हाइकाला फार तर एक छापण्याचें यंत्र आणि एक मोडेम जोडावा लागेल. रचनाकार स्टीव्ह वॉझ्निअक यांनीं आठांचा हट्ट धरला आणि तो तडीस नेला. १९८१ सालीं आय. बी. एम.चा 'पर्सनल कॉम्प्यूटर' पांच खांचा घेऊन आला. त्याच्या मुख्य पाटीवर चित्राची सोय मुळींच नव्हती. पडद्यावर नुसतीं अक्षरें उमटावयाचीं, तरी निराळें कार्ड घेऊन खांचेंत बसवावें लागे. रंगीत कार्डावर ३२० बाय २०० ठिपक्यांत एका वेळीं चारच रंग दिसत. चार रंगांचें आज हंसूं येईल; पण चारांवर भागेना तेव्हां लोकांनीं यंत्र फेकलें नाहीं, तें कार्ड काढलें आणि त्याच जागीं दुसरें बसविलें. उलट १९८४ चा मॅकिंटॉश एकहि खांच न ठेवतां बाहेर पडला. त्याची पेटी उघडण्यासदेखील लांब दांड्याचा खास स्क्रूड्रायव्हर लागे.

हा वाद पुढेंहि मिटला नाहीं. चित्रपट, संगीत आणि रचना यांवर पोट असणाऱ्यांसाठीं ॲपलनें २००६ मध्यें 'मॅक प्रो' काढला होता. २०१३ सालीं त्याचा नवा अवतार काळ्या चकचकीत नळकांड्याच्या आकाराचा आला. आंत ग्राफिक्सचीं दोन यंत्रें कायमचीं बसविलेलीं. नव्या कार्डाला जागा नाहीं. रचनाकारांची अटकळ अशी होती कीं, पुढें दोन यंत्रांनीं काम वांटून घेण्याची रीत पडेल. जग निराळ्या वाटेनें गेलें. एकच मोठें, भरपूर वीज खाणारें व भरपूर तापणारें कार्ड वापरण्याची रीत पडली, आणि तेवढा ताप एका बाजूनें बाहेर टाकण्याची सोय त्या नळकांड्यांत नव्हती. एप्रिल २०१७ मध्यें कंपनीच्या अधिकाऱ्यांनींच पत्रकारांना बोलावून ही चूक कबूल केली. २०१९ सालीं ५,९९९ डॉलरांपासून पुढें किंमत असलेला, आठ खांचांचा मॅक प्रो आला, तेव्हां व्यावसायिकांचा जीव भांड्यांत पडला. पण २०२३ सालच्या ६,९९९ डॉलरांच्या मॅक प्रोमध्यें खांचा सात होत्या खऱ्या. ध्वनीचें, साठवणीचें, जाळ्याचें कार्ड त्यांत चाले. ग्राफिक्सचें मात्र चालेना. २०१९ च्या यंत्रांत स्मृति दीड टेराबाइटपर्यंत वाढवितां येई. २०२३ च्या यंत्रांत ती फार तर १९२ गिगाबाइट, आणि तीहि विकत घेतेवेळींच ठरवावयाची.

न्यायासाठीं दुसरी बाजूहि सांगितली पाहिजे. मेंदू, चित्रयंत्र आणि स्मृति हीं एकाच घडणींत एकत्र केलीं म्हणजे माहितीची ने-आण वांचते, वीज कमी लागते, यंत्र शांत चालतें. बंद पेटी करणाऱ्यांना गिऱ्हाइकाचा द्वेष असतो असें नव्हे. त्यांचा विश्वास इतकाच असतो कीं, याला पुढें काय लागेल तें आम्हांला आजच ठाऊक आहे. हा विश्वास आमच्या चांगल्याच परिचयाचा आहे. बाप झालेला प्रत्येक मनुष्य तो बाळगून असतो.

आतां आमच्या स्वतःच्या एका खर्चाची गोष्ट. समाजमाध्यमें म्हणून ज्या नव्या चावड्या निघाल्या आहेत, त्यांपैकीं एकीवर आम्हींहि बरेच दिवस बैठक मारली होती. एके दिवशीं तेथें एका संतकवीच्या काळाविषयीं कोणी साफ चुकीचें विधान केलें. आम्हीं प्रमाणांसह खंडन लिहिलें. तें कोणाच्याहि दृष्टीस पडलें नाहीं. कारण ज्यांच्या नांवापुढें निळी खूण होती त्यांचीं उत्तरें वर, आणि आमचें पार तळाशीं. चौकशी करतां कळलें कीं, ही खूण दरमहा पैसे भरून मिळते. सत्याचा आवाज दबून जाऊं नये, एवढ्याच हेतूनें आम्हीं ती घेतली. निदान स्वतःस आम्हीं असेंच सांगितलें. महिन्याभरांत सत्याची चौकशी मागें पडली, आणि आज किती जणांनीं वाचलें हा आंकडा सकाळच्या चहाआधीं पाहण्याची संवय जडली. त्या पैशांत आणखी एक सोय मिळे: लिहिलेलें प्रसिद्ध झाल्यावरहि ठराविक वेळांत दुरुस्त करतां येई. मुलांचे ऱ्हस्वदीर्घ दुरुस्त करण्यासाठीं महाविद्यालय आम्हांला पगार देतें. स्वतःचे दुरुस्त करण्यासाठीं आम्ही पदरचे पैसे मोजूं लागलों!

या निळ्या टिळ्याची कुळकथा वाचनीय आहे. त्याचा जन्म तोतयांच्या भयांतून झाला. पानिपतानंतर सदाशिवरावभाऊंचा तोतया उभा राहिला आणि खरें-खोटें ठरवितांना पुणें दरबाराची केवढी तारांबळ उडाली, हें महाराष्ट्रास सांगावयास नको. ट्विटरवर असेच तोतये माजले. एका नामांकित बेसबॉल-प्रशिक्षकानें तर कोर्टांत दावा लावला. त्याच वर्षीं, २००९ मध्यें, ट्विटरनें ओळख पटविलेल्या प्रसिद्ध माणसांच्या नांवापुढें खूण करण्यास आरंभ केला. ती विकत मिळत नसे. ऑक्टोबर २०२२ मध्यें ईलॉन मस्क यांनीं ४४ अब्ज डॉलरांस ती चावडी घेतली, आणि पुढच्याच महिन्यांत आठ डॉलर भरील त्यास खूण मिळूं लागली. लागलीच कोणी एकानें एली लिली या औषधकंपनीचें नांव धारण करून, आठ डॉलरांचा टिळा लावून, इन्शुलिन यापुढें फुकट मिळेल अशी घोषणा केली. खऱ्या कंपनीला क्षमा मागून खुलासा करावा लागला, आणि ती विक्री डिसेंबरपर्यंत थांबली. हिंदुस्थानांत फेब्रुवारी २०२३ मध्यें हा टिळा आला, तेव्हां त्याची किंमत संगणकावर महिना ६५० व मोबाइलवर ९०० रुपये होती. मार्चमध्यें संदेशानें येणाऱ्या गुप्त आंकड्याचें संरक्षणहि पैसे भरणारांपुरतेंच उरलें. २० एप्रिल रोजीं जुन्या, फुकटच्या खुणा काढून टाकण्यांत आल्या. आणि ज्यांना ओळखत नाहीं असा मनुष्य या देशांत शोधून सांपडणें कठीण, त्या अमिताभ बच्चन यांनाहि, पैसे भरले आहेत, आतां टिळा परत द्या, असें विनोदानें हात जोडून लिहावें लागलें. जूनमध्यें फेसबुक व इन्स्टाग्राम यांच्या मालकांनींहि येथें तसलीच सोय मोबाइलवर महिना ६९९ रुपयांस सुरू केली. पूर्वीं ती खूण सांगे, हा तोच मनुष्य. आतां ती सांगूं लागली, याचे पैसे पोंचले. पुणें दरबारानें तोतयाची परीक्षा साक्षींनीं केली; दरमहा ठराविक रक्कम भरून घेतली असती, तर तोतया सुखानें भाऊसाहेब म्हणून नांदला असता.

असो. प्राप्तीच्या कराचें विवरणपत्र जुलैअखेर भरावें लागतें, आणि तें काम आमच्या घरीं कन्येकडे आहे. त्या रविवारानंतर आठवड्यानें ती बँकेचें खातें पुढें घेऊन बसली होती.

"बाबा, हें दरमहा कसलें जातें?"

आम्हीं चष्मा पुसला. मग सांगितलें. तिनें सात महिन्यांची बेरीज केली; ती साडेचार हजारांवर गेली. ती हंसली असती तर आम्हांला बरें वाटलें असतें. "अच्छा," एवढेंच म्हणून तिनें ती रक्कम 'वैयक्तिक खर्च' या सदराखालीं मांडली आणि पुढच्या ओळीकडे वळली.

रात्रीं घरांतील मंडळींनीं उरलेली गोष्ट सांगितली. एका संग्रहालयाचें वेरूळवरील दोन मिनिटांचें काम कन्येकडे आलें होतें. मुदत होती बारा दिवसांची. चित्रें काढावयासच आठवडा हवा. पुढें जुन्या कार्डाला दहा दिवस. कार्डाची गोष्ट आमच्यापाशीं निघाली, ती त्याच सकाळीं आलेल्या पत्रावरून. सोमवारीं तिनें तें काम परत केलें. "तुम्हांला सांगूं नको म्हणाली," मंडळी म्हणाल्या, "बाबांना वाईट वाटेल, म्हणून." त्या रात्रीं आम्हांला पुष्कळ उशिरापर्यंत झोंप आली नाहीं. कामाचा मेहनताना गेला, त्याहून वेरूळ गेलें हें लागलें. लहानपणीं तिला खांद्यावर घेऊन कैलास लेणें आम्हींच दाखविलें होतें.

पैसे दरमहा भरणें यांत पाप आहे, असें आमचें म्हणणें नाहीं. ज्या मासिकांत हा लेख छापून येईल, तेंहि वर्गणीवरच चालतें, आणि १८६७ सालीं निघालेल्या 'विविधज्ञानविस्तारा'पासून मराठी नियतकालिकांनीं वर्गणीदारांच्या भरंवशावरच दिवस काढले. फरक असा कीं, ती वर्गणी वाचणारा भरी, आणि ती दुसऱ्याचें ऐकण्यासाठीं असे. आम्ही भरत होतों ती बोलणाऱ्याची वर्गणी. आमचे पूर्वज यांतून अगदींच मुक्त होते असेंहि नाहीं; एकोणिसाव्या शतकांतील कित्येक मराठी पुस्तकांच्या शेवटीं आश्रयदात्यांची नांवनिशीवार यादी आहे, आणि पुस्तकापेक्षां त्या पानावर लोभ असणारा एखादा सरदार त्यांत नसेलच असें कोण सांगेल? पण त्याच्या रुपयानें पुस्तक तरी छापलें गेलें. आमच्या साडेचार हजारांतून काय उभें राहिलें, हें आम्हीं फार शोधलें. महिना संपला कीं टिळा पुसला जाणार, पुन्हां भरले तर पुन्हां उमटणार. सात महिन्यांनंतर हातीं पहिल्या दिवसाइतकेंच. आणि कन्या मागत होती ती वस्तु एकदां बसविली कीं वर्षानुवर्षें काम ओढणारी होती. हें न कळण्यासाठीं आम्हीं इंग्रजी वाङ्मयाची पदवी घेतली होती असें दिसतें.

दुसऱ्या दिवशीं आम्हीं टिळा बंद केला आणि कन्येपुढें पैसे ठेवले. तिनें सारे घेतले नाहींत. ठरले होते तेवढेच, अर्धे, आणि तेहि उसनेच. मुंबईस जाऊन लॅमिंग्टन रोडवर चार दुकानें फिरून तिनें कार्ड आणलें. वेरूळ परत आलें नाहीं. तें काम दुसऱ्या कोणीं केलें, आणि चांगलें केलें, असें तीच सांगते. टिळा गेल्याचें जगांत एका माणसाला कळलें. एका जुन्या विद्यार्थ्यानें विचारलें, "सर, हे तुम्हीच कीं कोणी तोतया?" आम्हीं उत्तर पाठविलें, त्यांत एक वेलांटी चुकली. दुरुस्तीची सोय आतां नव्हती. उलट टपालीं त्यानें लिहिलें, "सर, वेलांटी तपासा." वर्गांत पंचवीस वर्षांपूर्वीं आम्ही त्याला हेंच म्हणत असूं.

कार्ड बसविण्याच्या दिवशीं पुन्हां हांक आली. पेटी आडवी, स्क्रू वाटींत, विजेरी आमच्या हातांत. जुनें कार्ड बाहेर आलें; तें तिनें पुसून एका शिकाऊ मैत्रिणीसाठीं बाजूला ठेवलें. नवें त्याच जागीं बसलें. खट् असा बारीक आवाज झाला. तिच्या खालची ती दुसरी खांच अजून तशीच होती. आम्हीं उजेड तिच्यावर नेला.

"आणि हिच्यांत काय घालणार?"

"अजून ठरलें नाहीं बाबा."

आम्ही त्यावर कांहीं बोललों नाहीं. विजेरी स्थिर धरली, आणि तिनें स्क्रू लावावयास घेतले.